एक्केचाळीस नंबरची कुंडी

सरांबद्दल चांगलं लिहायचा माझा इरादा नाही, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी गोड बोलायची आपल्याकडे पद्धत आहे. सर अजून ठणठणीत आहेत, त्यामुळे तीही सक्ती माझ्यावर नाही.

दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. चंदीगडला सेक्टर बावीसमध्ये, लोकरीच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. नुकतेच सगळ्यांच्या हातात मोबाइल फोन येऊ लागले होते आणि त्या फोनांवर खेळायचे कोड्यांचे खेळ आम्ही परदेशातल्या एका कंपनीसाठी बनवत होतो. मी सोलापूरची. नवरा इथल्या मोठ्या इस्पितळात पुढचं शिकायला आला, त्याच्यामागून मी आले आणि संगणकाची पदविका घरात कुजण्यापेक्षा बरी म्हणून ही नोकरी धरली. मुलाखतीत मालक म्हणाले, "मराठी हो जी? हमारे यहाँ एक साहब भी मराठी हैं. बड़े पक्के आदमी." मला वाटलं, चला, परक्या गावात आपलं माणूस भेटलं. इतका मोठा गैरसमज मी आयुष्यात फार वेळा करून घेतलेला नाही.

सर अमरावतीकडचे. हवाई दलात विमानांच्या तपासणीच्या कामावर चोवीस वर्षं काढून ते चंदीगडलाच निवृत्त झाले आणि तिथेच राहिले. कोड्यांच्या खेळाशी त्यांचा संबंध काय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मालकांना 'शिस्त' हवी होती आणि शिस्त म्हणजे फौजी, एवढा साधा हिशेब त्यांनी केला असणार. सर आले आणि शिस्त आली. खेळ तेवढे मागे पडले.

ते चाकाच्या खुर्चीवर बसत नसत. रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी त्यांनी आपल्या खुर्चीची पाचही चाकं उपसून काढली, पुसून एका कापडी पिशवीत घातली आणि पिशवीला चिठ्ठी लावून ती खणात ठेवली. "सरकत्या बुडानं निर्णय होत नाही," असं त्यांचं म्हणणं होतं. चाकं गेल्यामुळे खुर्ची चार बोटं खाली बसली. मग सर टेबलामागून आमच्याकडे खालून वर पाहत, पण तोंडावर भाव मात्र गच्चीवरून खाली पाहिल्याचा असे.

भर मे महिन्यात, बाहेर लू वाहत असताना, एसी लावून आत हवाई दलाचा निळा स्वेटर. खिशात तीन पेनं: निळं लिहायला, लाल खोडायला, हिरवं पास करायला. दोन वर्षांत त्यांनी लालमध्ये किती कांड्या घातल्या ते मोजणं मी सोडून दिलं होतं. हिरव्यात घातलेली पाहिली नाही. बाजारातल्या मधल्या हिरवळीवरून सगळं जग तिरकं जायचं, तिथे लोकांच्या पायांनी मळलेली वाटच होती. सर हिरवळीला काटकोनात वळसा घालून येत. "शहर काटकोनात बांधलं त्यानं. आपण तिरके चाललो तर त्याले काय वाटेल?" असं मला एकदा म्हणाले. ज्याने हे शहर बांधलं त्याला सरांचं चालणं पाहून काय वाटलं असतं, याचा विचार मी करते आणि मला हसू येतं.

आता तो खेळ सांगायला हवा, त्याशिवाय सरांचा मूर्खपणा पुरता समजायचा नाही.

एका बागेत एक माळी. बागेत कुंड्या विखुरलेल्या. प्रत्येक कुंडी ढकलत ढकलत एकेका खुणेवर न्यायची. माळी कुंडी ढकलू शकतो, ओढू शकत नाही. सगळी गंमत आणि सगळी गोची एवढ्यातच. ढकलायचं तर कुंडीच्या मागे उभं राहायला जागा हवी. ती जागा अडली की कुंडी जन्माची अडकली. अशा साठ बागा, म्हणजे साठ नकाशे, आम्हाला करून द्यायचे होते.

नकाशे करायला त्या परदेशी कंपनीने आपला एडिटर पाठवला होता. मी इतकं साधं काही संगणकावर त्याआधी पाहिलं नव्हतं. एक पडदा, त्यावर चौकटी, बाजूला सहा चित्रं: भिंत, माती, कुंडी, खूण, माळी आणि खोडरबर. उचला आणि ठेवा. खाली दोन बटणं, 'खेळा' आणि 'जतन करा'. त्यातल्या दुसऱ्या बटणाला एक खोड होती. आपण केलेला नकाशा आपण स्वतः खेळून सोडवल्याशिवाय ते उजळतच नसे. तुम्ही कोणीही असा. तुमचा माळी, तुमच्या कुंड्या, आधी तुम्ही ढकलून दाखवा, मग पुढचं बोला. नंतर एक चौकट जरी इकडची तिकडे केली, तरी बटण पुन्हा काळं.

सरांना हा घोर अपमान वाटला.

"हे काय बालवाडी लावली?" त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, मालकांना हिंदीत आणि मग मला मराठीत, जणू एडिटर मीच पाठवला होता. "चोवीस वर्षं विमानं तपासली मी. दुरुस्त झालं की मी स्वतः उडवून पाहत होतो काय? कागद पुरा करायचा, सही करायची. पायलट बसते अन् जाते. सहीवर जाते तो. माह्या सहीवर! अन् हे यंत्र मला म्हणते, आधी खेळून दाखव."

मालक माना डोलावत होते. त्यांना विमानाचं उदाहरण फार आवडलं. सेक्टर बावीसमध्ये, लोकरीच्या दुकानावर, आपल्याकडे विमानाच्या तोडीचं काही चाललं आहे ही कल्पनाच त्यांना सुखावणारी होती.

म्हणून सरांनी प्रगत एडिटर करून घेतला. दोन प्रोग्रामर आठ महिने त्याला जुंपले होते. त्या एडिटरमध्ये कुंडीला वजन होतं. मातीला ओलावा होता. सूर्याची दिशा होती, कारण कुंडीची सावली कुठे पडते हे ठरवायला हवं. फोनचा पडदा टपालाच्या तिकिटाएवढा, त्यावर कुंडी म्हणजे आठ-दहा ठिपके, आणि तिची सावली म्हणजे एक ठिपका. त्या एका ठिपक्यासाठी तीन खिडक्या उघडाव्या लागत. एक कुंडी ठेवायला सात वेळा क्लिक करावं लागे. मी एकदा मोजून घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे पोट उघडायला इतकं लागत नाही. नकाशा खेळून पाहायचीही सोय होती, नाही असं नाही. पण त्यासाठी आधी पाच पानी फॉर्म भरायचा, मग 'पडताळणी' लावायची, आणि मग खाली जाऊन चहा पिऊन वर येईपर्यंत यंत्र घरघरत बसायचं. म्हणून कोणी खेळत नसे. फॉर्मच्या शेवटी एक छोटी चौकट होती, 'खेळून पाहिले'. तीत टिचकी मारली की झालं. मग सर फॉर्म वाचत आणि सही करत.

"कोणी खोटी टिचकी मारली तर?" असं त्यांना एका प्रोग्रामरने विचारलं होतं. सर त्याच्याकडे बघतच राहिले. प्रश्न कठीण होता म्हणून नव्हे. असा प्रश्न कोणाच्या डोक्यात येऊ शकतो, याचंच त्यांना नवल वाटलं होतं.

ऑफिसात प्लायवुडची भिंत घालून दोन खोल्या झाल्या. रस्त्याकडच्या खोलीत एसी, प्रगत एडिटर आणि सर. जिन्याकडच्या खोलीत पंखा, साधा एडिटर आणि आम्ही. आमच्या खोलीला सर उघडपणे बालवाडी म्हणत. बालवाडीतून प्रगत खोलीत जायला त्यांची परीक्षा होती. मी ती दोनदा नापास झाले. एकदा मातीच्या ओलाव्याचा रकाना कोरा सोडला म्हणून आणि एकदा लाल शाईच्या पेनने उत्तर लिहिलं म्हणून.

बालवाडीत माझ्या शेजारी हरप्रीत बसायची. चंदीगडबाहेरच्या खरडहून बसने येणारी, सतत काहीतरी चघळणारी पोरगी. तिने परीक्षेला कधी नावच दिलं नाही. "दीदी, मेरे को सूरज का क्या करना है? मेरे को तो खेल के देखना है." ती दिवसभर कुंड्या ढकलत बसे, अडकली की स्वतःलाच पंजाबीत शिव्या घाली, आणि बटण उजळलं की टाळी वाजवी. तिचे नकाशे उत्तम होते. हे मला तेव्हाही दिसत होतं, पण मला उत्तम नकाशे करायचे नव्हते. मला प्रगत खोलीत बसायचं होतं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सगळ्या बायका डॉक्टरांच्या, नाहीतर कर्नलांच्या. त्यात "मी प्रगत विभागात असते" असं म्हणायला मला आवडलं असतं. सरांना नावं ठेवायची तर हेही सांगायला हवं.

तिसऱ्या खेपेला मी पास झाले. हिरवी सही मिळाली. एसीत गेले आणि पहिल्या महिन्यातच मला कळलं की आपण फसलो.

साध्या एडिटरमध्ये नकाशा जतन केला की त्यात करणाऱ्याचं नाव जाई. खेळ संपला की फोनवर ते नाव दिसे. हरप्रीतचं नाव दिसायचं. तिने आपल्या भावाच्या फोनवर ते सगळ्या बिल्डिंगला दाखवलं होतं. प्रगत एडिटरमध्ये नावाची जागा एकच आणि ती सही करणाऱ्याची. म्हणजे मी आठवडा घासून नकाशा करायचा आणि खाली यायची सरांची आद्याक्षरं. प्रगत खोलीत आम्ही चौघं होतो, आणि चौघांच्याही नकाशांवर तीच आद्याक्षरं. सरांनी स्वतः दोन वर्षांत एक नकाशा केला नाही. एक कुंडी ठेवली नाही.

मी तोंड उघडलं एकदा. म्हटलं, "सर, नकाशा माझा आहे, माझं नाव नको का?"

"तुझं नाव रजिस्टरमध्ये आहे," ते म्हणाले. रजिस्टर म्हणजे त्यांचं लाडकं जाडं बांधीव पुस्तक. नकाशाचा नंबर, करणाऱ्याचं नाव, खेळून पाहिले, सही, शेरा. प्रत्येक ओळ त्यांच्या हाताने लिहिलेली. "नाव तिथं राहते. बाहेर सही जाते. सही ज्याची, विमान त्याचं."

"हे विमान नाही सर."

"तेच तर तुम्हाला समजत नाही," ते म्हणाले आणि लाल पेन उघडलं.

चोर, असं मी मनात म्हटलं. घरी जाऊन मोठ्यानेही म्हटलं. आयत्या बिळावर बसलेला म्हातारा, दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव लावणारा. तो राग मी वर्षभर जपला, वाढवला आणि त्या रागातच एक्केचाळीस नंबरचा नकाशा केला.

तो माझा सर्वांत सुंदर नकाशा होता. नऊ कुंड्या, मधे कारंजं, कडेच्या भिंतीत एक अरुंद बोळ. त्या बोळीतून माळी मागे जाऊन शेवटची कुंडी पुढे ढकलतो, अशी त्यात मेख होती. मी तो कागदावर पूर्ण सोडवला होता. मग फॉर्म भरला. ओलावा, वजन, सूर्य. नकाशे पाठवायचा शेवटचा दिवस होता, सर दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते. शेवटची नजर टाकताना मला एक कुंडी खटकली. उजवीकडे चार, डावीकडे चार आणि ही एकच वेडीवाकडी. मी ती एक घर सरकवली. बाग एकदम नीटस दिसायला लागली. आणि मग 'खेळून पाहिले' या चौकटीत टिचकी मारली. मनात काही आलंच नाही. बटण काळं व्हायला ते बालवाडीचं यंत्र थोडंच होतं.

सरांनी पाचही पानं वाचली. सूर्याची दिशा दोनदा तपासली. आणि सही केली.

खेळ बाहेर गेला. तीन आठवड्यांनी परदेशातून पत्र आलं की एक्केचाळिसावा नकाशा कोणालाच सुटत नाही, लोक तिथे अडकून खेळ सोडून देत आहेत, तुमच्याकडे हा कोणी आणि कसा तपासला ते कळवा. समाधान झाल्याशिवाय पुढचा खेळ तुम्हाला देणार नाही. मालक जिन्यातूनच ओरडत वर आले. "ओ जी, किसने बनाया ये? किसने?"

पडद्यावर सरांची आद्याक्षरं होती. सर उठून उभे राहिले, मालकांपुढे पाय जुळवून. "सही मेरी है."

"बनाया किसने, साहब जी?"

"सही मेरी है," त्यांनी पुन्हा तेवढंच सांगितलं. मालक पाय आपटत केबिनमध्ये गेले.

मग सर माझ्याकडे आले. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी रजिस्टर हातात धरलं होतं, एक बोट त्या पानात. "एकच विचारतो," ते म्हणाले. "खेळून पाहिला होता काय?"

मला कुंडी आठवली. त्याच क्षणी आठवली, काय झालं ते सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. सरकवलेली कुंडी बोळीच्या तोंडावर आली होती. ती हलवायला माळ्याने बोळीत असायला हवं आणि बोळीत जायला ती आधी हललेली हवी. मी "नाही" म्हटलं असतं तर काय झालं असतं? नोकरी गेली नसती. फार तर हरप्रीतच्या शेजारी पुन्हा पंख्याखाली बसावं लागलं असतं. तेवढ्यासाठी मी म्हटलं, "हो सर. पाहिला होता."

"मग झालं," सर म्हणाले. "मग सुटते तो."

ते मालकांकडे गेले आणि म्हणाले, नकाशा बरोबर आहे, चार दिवस द्या, सोडवून दाखवतो. आणि दुसऱ्या दिवशी आलेखाचा कागद आणि घरून शर्टाची बटणं घेऊन आले. बटणं म्हणजे कुंड्या. माळी म्हणून एक चिंचोका. त्या बिनचाकाच्या खुर्चीवर बसून, टेबलाच्या कडेपाशी हनुवटी टेकवून, हा माणूस चार दिवस बटणं सरकवत होता. कोणाही शहाण्या माणसाने तासाभरात हात टेकले असते. सरांना समोरचा कागद सांगत होता की सुटत नाही आणि रजिस्टरमधली टिचकी सांगत होती की सुटतो, आणि त्यांनी टिचकीवर विश्वास ठेवला. इतका बावळट माणूस मी दुसरा पाहिला नाही. चारही दिवस मी त्यांच्यापासून सहा हातांवर बसून बाविसाव्या नकाशाचा ओलावा पुन्हा तपासत होते.

चौथ्या दिवशी हरप्रीतने तो नकाशा साध्या एडिटरमध्ये तसाच्या तसा मांडला. अर्धा तास ढकलाढकल केली, शिव्या घातल्या, मग एक कुंडी उचलून एक घर मागे ठेवली आणि पुन्हा खेळली. बटण उजळलं. तिने टाळी वाजवली आणि मग आम्ही कोणीच हसत नाही हे पाहून गप्प झाली. "दीदी, ये वाली ग़लत जगह थी," ती मला हळूच म्हणाली, "बस, ये एक."

मालकांनी सरांना बोलावून दाखवलं. सर म्हणाले, हा दुसरा नकाशा झाला, मूळचा सुटतो. "साहब जी, मान लो ना, ग़लती हो गई," मालक अक्षरशः विनवत होते. मानलं असतं तर मालकांनी त्यांना ठेवून घेतलं असतं, एवढी माया त्यांना होती. सर म्हणाले, "खेल के देखा गया है." त्यावर मालकांनी हात जोडले आणि म्हणाले, "तो फिर आप घर जाके खेलो जी."

जाताना सरांनी खणातून ती पिशवी काढली, गुडघ्यावर बसून खुर्चीला पाचही चाकं परत लावली, खुर्ची एकदा ढकलून पाहिली आणि गेले. रजिस्टर मात्र बगलेत मारून नेलं. ऑफिसची वस्तू चोरली, असं मी त्या संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं. हो, सांगितलं. मालकांनी रजिस्टर उघडलं असतं तर एक्केचाळिसाव्या ओळीत कोणाचं नाव निघालं असतं, हे मला माहीत असताना सांगितलं.

दुरुस्त नकाशा गेला, पुढचा खेळ मिळाला आणि प्लायवुडची भिंत निघाली. सगळे साध्या एडिटरवर आले आणि हरप्रीत आमची प्रमुख झाली. माझा त्यानंतरचा पहिला नकाशा मला स्वतःलाच तीन दिवस सुटेना. बटण काळंच राहिलं. मी त्या यंत्राला सरांच्याच भाषेत नावं ठेवली.

चारेक वर्षांनी नवऱ्याचं चंदीगडमधलं काम संपलं, आम्ही सोलापूरला परतायचं ठरलं. निघण्याआधी मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले, तर एक बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. सरांच्या पत्नी. त्यांनी मला ऑफिसच्या एका फोटोवरून ओळखलं होतं.

"तू त्यांच्या ऑफिसातली ना गं? एक विचारू? तो एक्केचाळीस काय आहे?"

मी हातातलं वाण खाली ठेवलं.

"दिवसभर बटणं सरकवत बसतेत," त्या म्हणाल्या. "नातू आला तर त्याले हात लावू देत नाहीत. म्हणतेत, पोरीनं खेळून पाहिला होता, मलाच सापडून नाही राहिला. तू येऊन सांग ना बाई त्यांना काही. तुझं ऐकतील."

दुसऱ्या दिवशी गेले. सर आता खरडला राहायला गेले होते. तिसऱ्या मजल्यावर, खाली-वर कॉलेजच्या पोरांनी भाड्याने घेतलेल्या फ्लॅटांच्या मधे त्यांचं घर होतं. वरून भांगड्याची गाणी धडधडत होती. सर जेवणाच्या टेबलाशी बसले होते. निळा स्वेटर कोपरावर विरलेला. पुढे आलेखाचा कागद, त्यावर नऊ बटणं आणि चिंचोका. मला पाहून ते उठून उभे राहिले.

"ये. बरं झालं आली. हे पाहा, सहापर्यंत जमते. सातवीत बोळ अडते. तू कुठून सुरू केलं होतं?"

खरं सांगते, तेव्हाही माझ्या तोंडात एक खोटं तयार होतं. आता आठवत नाही सर, असं म्हणून चहा पिऊन मी सोलापूरला गेले असते. पण त्यांनी पेन उघडलं होतं, मी सांगेन ते लिहून घ्यायला.

"सर, मी खेळून पाहिला नव्हता."

वरचं गाणं संपून दुसरं सुरू झालं.

"कागदावर सोडवला होता. मग शेवटी ही एक कुंडी सरकवली. मग नाही पाहिला. टिचकी तशीच मारली."

"काहून सरकवली?"

"बरी दिसावी म्हणून."

सरांनी त्या कुंडीच्या बटणावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बरी दिसते."

मला रडू आलं आणि रागही आला. हा माणूस ओरडत का नाही? चार वर्षं माझ्या एका शब्दापायी घालवली, नोकरी घालवली, आणि म्हणतो बरी दिसते. मी म्हटलं, "तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं तेव्हा?"

"सही माही होती ना," ते म्हणाले. कंटाळून, बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं. दोन वर्षं ऐकलेलं ते वाक्य मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

त्यांनी बटणं एकेक करून डबीत टाकली. चिंचोका खिडकीतून खाली फेकला. मग आत जाऊन ते जाडं रजिस्टर आणलं, पान उघडलं. एक्केचाळीस. करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव, पुढे टिचकी, पुढे त्यांची हिरवी सही. शेऱ्याचा रकाना कोरा होता. सरांनी पट्टी घेतली, लाल पेनने आपल्या सहीवर एकच सरळ रेघ मारली आणि रेघेच्या टोकाला आद्याक्षरं घातली. मग रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि पेन पुढे केलं. हिरवं.

"कर," ते म्हणाले.

प्लायवुडच्या भिंतीमागच्या त्या थंडगार खोलीत याच रकान्यासाठी मी वर्षभर जळत होते. मी सही केली. माझ्या सगळ्या नकाशांत सहीच्या जागी माझं नाव असलेला तो एकच, आणि तो सुटत नाही.

सरांनी रजिस्टर वळवून घेतलं, चष्मा वर करून सही तपासली आणि कपाळाला आठी घातली.

"तारीख?"

मी त्या वर्षाची, त्या महिन्याची तारीख आठवायला लागले.

"आजची टाक," सर म्हणाले. "मागची तारीख टाकायची नसते."